सामान ठेवणें आणि सामान राखणें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपणांपैकीं प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली आहे. ज्यानें ती प्रथम म्हटली त्याच्यावर बांधलेल्या घरांतून बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला नसावा. नाहींतर या दोन अवघड कार्यांच्या पंक्तीस त्यानें तिसरें खास बसविलें असतें. पूर्वीं एका वाड्यांत तीन तीन पिढ्या नांदत, आणि एकदां भिंतीला लागलेलें कपाट हलवावयाचें तें घरांतल्या लग्नाच्या वेळीं, भिंतींना चुना देतांनाच. आतां तशी स्थिति राहिलेली नाहीं. जुन्या वाड्यांचा व चाळींचा पुनर्विकास होतो, नोकरींत बदली होते, भाड्याच्या जागेचा अकरा महिन्यांचा करार संपतो, नाहींतर जुनी फरशी उखडून नवी बसवावयाची असते. अशा प्रत्येक वेळीं गृहस्थापुढें प्रश्न उभा राहतो तो असा कीं, माणसें चार महिने कोठेंही राहतील, पण या सामानाचें काय करावयाचें?

या प्रश्नासंबंधीं मी आज आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. मी सुतार नाहीं, कीं गोदामवाला नाहीं. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. मास्तरकींत माणसाला एक संवय जडते. विद्यार्थ्याची चूक दिसली कीं ती कां झाली याचा तपास लागेपर्यंत त्याला स्वस्थ बसवत नाहीं. या विषयांतली चूक विद्यार्थ्याची नसून माझी स्वतःची आहे, म्हणून तीच आधीं आपल्यापुढें मांडतों.

आमचें बिऱ्हाड पुण्यास नारायण पेठेंत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर होतें. घरांत माझ्या वडिलांचें एक बैठें मेज होतें. मांडी घालून बसावें, तें पुढ्यांत ओढून घ्यावें आणि लिहावें, अशा जातीचें. वरची फळी सागवानी व किंचित् उतरती, आणि खालीं दोन खण. वडील त्यावर घरचा हिशेब लिहीत. पुढें मी शाळेंत लागलों तेव्हां मुलांच्या वह्या मीं त्यावरच तपासल्या. दसऱ्याच्या दिवशीं पोथ्या-पुस्तकांबरोबर या मेजालाही गंधफूल वाहण्याची आमच्या घरची रीत होती.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंही गेलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. त्या वेळीं मी अगदीं तान्हा होतों. तेव्हां जें सांगतों तें आईच्या तोंडून ऐकलेलें आहे. पाणी ओसरल्यावर मंडळी घरीं परतलीं तों सारें सामान चिखलांत लोळत होतें. पुढें आभाळ उघडलें तसे शेजाऱ्यांनीं आपले पाट, पेट्या व खुर्च्या अंगणांत उन्हांत मांडल्या. वडिलांनीं मेज स्वच्छ पाण्यानें धुतलें, खण काढून निराळे ठेवले, आणि सगळें ओसरीवर, सावलींत, चार विटांवर, चोहों बाजूंनीं वारा लागेल असें मांडलें. महिनाभर त्यांनीं त्याला कोणाला हात लावूं दिला नाहीं. उन्हांत ठेवलेल्या फळ्या तडकल्या, कांहीं वांकल्या. आमचें मेज मात्र शाबूत राहिलें. खणाच्या आंतल्या बाजूस चिखलाची एक पुसट रेघ तेवढी उरली. लहानपणीं मी ती पाहुण्यांना मोठ्या ऐटीनें दाखवीत असें.

यानंतरची हकीकत सन २००८ ची. वाडा पाडून तेथें नवी इमारत उठावयाचें ठरलें. मे महिन्याची सुटी साधून आम्हीं दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेंत बिऱ्हाड केलें. तेथें मावेना तें सामान एका परिचितांच्या इमारतीच्या तळघरांतील खोलींत ठेवलें. त्या दिवशीं मला स्वतःच्या हुशारीचा फार अभिमान वाटला होता. बाजारांतून जाड प्लास्टिक आणून मीं मेजाला त्याचे तीन वेढे दिले आणि कडा चिकटपट्टीनें अशा बंद केल्या कीं आंत मुंगीही शिरूं नये. मग तें हलूं नये म्हणून जमिनीवरच, भिंतीला टेकवून ठेवलें. खणांतल्या वडिलांच्या हिशेबाच्या वह्या खणांतच राहूं दिल्या. त्या तेथें सुरक्षित आहेत असें मला वाटलें. खोलीला कुलूप लावलें आणि किल्ली खुंटीला अडकविली.

पाऊस आला, गणपति आले, नवरात्र बसलें. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आई म्हणाली, “मेज घेऊन ये रे, उद्या पूजा आहे.” मी मुलाला बरोबर घेऊन गेलों. दार उघडतांच कोंदट वास आला. प्लास्टिक फाडलें तों त्याच्या आंतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरलेले, आणि सागवानी फळीवर हिरवट-पांढरी बुरशी पसरलेली. ती पुसतां आली असती. परंतु खण ओढला तेव्हां त्याची पुढची पट्टी तेवढी हातांत आली. भिंतीच्या कडेनें वाळवीची मातीची नळी खालीं उतरून प्लास्टिकच्या तळाशीं शिरली होती. खण साध्या आंब्याच्या लाकडाचे होते. ते आंतून पोखरले गेले होते. वह्यांचा माती मिसळलेला चुरा झाला होता, आणि त्या वह्यांत वडिलांचें अक्षर होतें.

आई त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिनें फळीवरून हात फिरविला आणि एवढेंच म्हणाली, “अरे, इतक्या महिन्यांत एकदा तरी जाऊन बघायचंस.”

श्रोतेहो, जें मेज धरणाच्या पुरांतून वांचलें तें माझ्या बंदोबस्तांत गेलें. असें कां व्हावें, याचा पुढें मीं शोध घेतला. सुतारांना विचारलें, कांहीं वाचलें. त्याचें सार आपणांस सांगतों.

आपण समजतों कीं झाड तोडलें, चिरलें, त्यावर रंधा फिरविला आणि पॉलिश चढविलें, म्हणजे लाकडाचा व पाण्याचा संबंध संपला. तो कधींच संपत नाहीं. लाकूड दमट हवेंतून ओलावा घेतें आणि हवा कोरडी झाली कीं तो परत देतें. घेतांना फुगतें आणि देतांना आकसतें. हा फरक लांबींत जवळजवळ पडत नाहीं. तो पडतो रुंदींत, म्हणजे तंतूंच्या आडव्या दिशेनें. जो खण श्रावणांत ओढतांना घाम काढतो तोच वैशाखांत खडखडत बाहेर येतो, याचें कारण हेंच. पॉलिशनें ही देवघेव मंदावते, थांबत नाहीं. मुंबईंत व कोंकणांत जुलै-ऑगस्टमध्यें हवेंतील सापेक्ष आर्द्रता बहुधा शेंकडा ८० च्या वर असते, आणि पुण्यासही त्या दिवसांत ती फारशी मागें राहत नाहीं. बुरशीला शेंकडा ७० च्या पुढची दमट आणि कोंडलेली हवा कांहीं दिवस मिळाली कीं पुरे होतें.

आतां माझी चूक पाहा. मेज आणलें तें तळमजल्यावरील ओलसर भिंतींच्या घरांतून, आणि ठेवलें तें तळघराच्या जमिनीवर. लाकडांत जो ओलावा होता तो बाहेर पडावयास निघाला. परंतु प्लास्टिकनें त्याची वाट अडविली. पावसांत तळघर थंड झालें तसा तो ओलावा थंड प्लास्टिकवर थेंब होऊन बसला. म्हणजे बाहेरचें पाणी आंत येऊं नये म्हणून मीं जें आवरण घातलें त्यानें आंतलें पाणी बाहेर जाऊं दिलें नाहीं. वडिलांनीं याच्या नेमकें उलट केलें होतें. त्यांनीं पाण्याला बाहेर पडावयास वाट दिली आणि वेळही दिला. उन्हांत ठेवलेल्या फळीचा वरचा थर झपाट्यानें आकसतो, आंतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणींत फळी तडकते. सावलींतल्या वाऱ्यानें ती सावकाश व सारखी वाळते.

या अनुभवावरून सामान ठेवण्याचे जे नियम हातीं आले ते आतां क्रमानें सांगतों.

पहिला विचार करावयाचा तो ठेवण्याचा नसून न ठेवण्याचा. हा सरळ गणिताचा प्रश्न आहे. समजा, गोदामाचें भाडें महिना १,००० रुपये आहे आणि नवें घर मिळावयास ३० महिने लागणार आहेत. म्हणजे भाड्याचे ३०,००० रुपये झाले. तेथें ठेवावयाच्या वस्तूंचे बाजारांत ५,००० रुपयेही येणार नसतील, तर त्यांतील ज्या वस्तूंशीं आपलें मन गुंतलेलें नाहीं त्या कोणा गरजूस देऊन टाकणें शहाणपणाचें. ज्यांत मन गुंतलें आहे त्यांची गोष्ट निराळी; त्यांना हें गणित लावूं नये. मात्र त्या थोड्या असल्या म्हणजे त्यांची निगा नीट राखतां येते. पन्नास वस्तूंच्या ढिगांत जें मेज हरवतें तें पांच वस्तूंत हरवत नाहीं.

दुसरा विचार जागेचा. तळघर व तळमजला शक्य तर टाळावा. त्याचप्रमाणें पत्र्याच्या छपराखालची खोलीही टाळावी, कारण तेथें उन्हाळ्यांत लाकूड भाजून निघतें. मधल्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतींवर पावसाचा मारा न होणारी, एखादी तरी खिडकी असलेली खोली उत्तम. जागा पाहावयास जावें तें पावसाळ्यांत. मे महिन्यांत प्रत्येक खोली कोरडीच दिसते. पावसाळ्यांत जाणें न जमल्यास भिंतीच्या तळाशीं नजर टाकावी. रंगाचे पोपडे, मिठासारखी पांढरी फुली किंवा पाण्याची जुनी रेघ दिसली कीं ती जागा सोडावी. आपल्याकडे बहुतेक बिऱ्हाडें शाळांच्या सुट्या पाहून मे महिन्यांत हलतात. म्हणजे बांधाबांध होते कडक उन्हाळ्यांत आणि त्या सामानाची खरी परीक्षा सुरू होते लगेच जूनमध्यें. हें ध्यानांत ठेवूनच सर्व तयारी करावी.

तिसरें, सामान ठेवण्यापूर्वीं स्वच्छ व कोरडें करावें. ओल्या फडक्यानें पुसून लगेच बांधूं नये. पुसल्यावर दोन दिवस वाऱ्यावर राहूं द्यावें. खण व कपाटें पूर्ण रिकामीं करावीं. आंत एकही कागद, धान्याचा कण किंवा जुना कपडा ठेवूं नये. प्रत्येक वस्तूची पाठ व तळ उजेडांत धरून पाहावा. टांचणीच्या डोक्याएवढीं गोल भोकें आणि त्यांखालीं पिठासारखी भुकटी दिसली, तर आंत भुंगेऱ्याची अळी आहे असें समजावें. अशी वस्तु इतर सामानांत मुळींच ठेवूं नये. आधीं जाणत्या माणसाकडून तिच्यावर उपाय करवून घ्यावा. सागाच्या व शिसवाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावीत नाहीं. परंतु गाभ्याभोंवतीचा फिकट भाग आणि खणांच्या तळाला वापरलेलें हलकें लाकूड तिला आवडतें. वरची फळी सागवानी आहे म्हणून सारी वस्तु सागवानी आहे, या समजुतीवर मी फसलों. आपण फसूं नये.

पलंग व मोठीं मेजें सुटीं होत असतील तर सुटीं करावीं. परंतु त्यापूर्वीं जोडलेल्या स्थितींत मोबाईलवर त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांस एकच अंक खडूनें किंवा कागदाची चिठ्ठी बांधून लिहावा. स्क्रू आणि बिजागऱ्या लहान पिशवींत घालून ती पिशवी त्याच वस्तूला बांधावी. सर्व स्क्रू एका डब्यांत एकत्र भरणारा मनुष्य पुढें आठ दिवस त्या डब्यांत आपलें नशीब शोधीत बसतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचीं जीं हल्लींचीं कपाटें असतात त्यांची गोष्ट मात्र वेगळी. तीं वारंवार सोडलीं तर स्क्रू पुन्हां घट्ट धरीत नाहींत, आणि अशी फळी एकदां पाण्यानें फुगली कीं सागासारखी पूर्वस्थितीवर येत नाहीं. म्हणून अशीं कपाटें शक्य तर न सोडतां हलवावीं व सर्वांत कोरड्या जागीं ठेवावीं.

चौथें, मांडणी. कोणतीही वस्तु जमिनीला किंवा भिंतीला चिकटून ठेवूं नये. खालीं विटा किंवा कोरड्या फळ्या द्याव्यात. वीट स्वतःच ओल ओढते, म्हणून वीट आणि लाकडाचा पाय यांच्यामध्यें पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा घालावा. प्लास्टिकचा खरा उपयोग येथें आहे, अंगाभोंवतीं गुंडाळण्यांत नाहीं. भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडावें, म्हणजे हवा खेळते आणि मागें वाळवीची नळी चढली तर ती दिसते. वरून सुती पांघरूण घालावें. जुनी साडी, धोतर, पलंगपोस यांच्याइतकें चांगलें आवरण दुसरें नाहीं. धूळ अडते आणि वाफ जाते. वाटेंत टेंपोमध्यें पाऊस लागेल म्हणून प्लास्टिक गुंडाळावयास हरकत नाहीं, परंतु मुक्कामाला पोंचतांच तें काढावें. पॉलिशवर वर्तमानपत्राचा कागद थेट ठेवूं नये. दमट हवेंत शाई पृष्ठभागावर उमटते आणि मग ती बातमी जन्मभर वाचावी लागते.

कपाटांचीं दारें व खण किंचित् उघडे ठेवावे. खुर्च्यांवर खुर्च्या रचतांना मध्यें कापड घालावें. वेताच्या खुर्चीच्या बैठकीवर ओझें ठेवूं नये. आरसे व कांचा आडव्या टाकूं नयेत. पुठ्ठ्यांत बांधून कडेवर उभ्या ठेवाव्यात. कापसाच्या गाद्या दोन कडक उन्हें दिल्यावर, निवाल्यावर गुंडाळून उंचावर ठेवाव्यात. सतरंज्या घडी न घालतां वळकटी करून ठेवाव्यात. पुस्तकांचीं खोकीं लहान असावींत, म्हणजे हमालाची पाठ आणि खोक्याचा तळ दोन्ही वांचतात. लोखंडी कपाटाला जेथें ओरखडा असेल तेथें गंज प्रथम धरतो, म्हणून त्या जागीं तेलाचा पुसट हात द्यावा. फ्रिज धुवून, पूर्ण कोरडा करून, उभाच ठेवावा आणि त्याच्या दारांत लाकडाचा लहान तुकडा अडकवावा. बंद फ्रिजमध्यें आठवड्याभरांत बुरशी धरते. कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळींतलें पाणी काढून टाकावें.

डांबराच्या गोळ्यांविषयीं दोन शब्द. कपड्यांच्या कसरीवर त्या उपयोगी पडतात. वाळवीपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. त्यांची वाफ लहान मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, अपायकारक असते. म्हणून बाळाचे कपडे, पांघरुणें व पाळणा यांच्याजवळ त्या कधींही ठेवूं नयेत. त्याचप्रमाणें डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवूं नये; दोन्ही एकमेकांच्या सहवासांत विरघळून पातळ होतात आणि कापडावर व पॉलिशवर डाग पाडतात. कडुनिंबाचा पाला घालावयाचा असेल तर तो पूर्ण वाळलेला असावा. ओला पाला घालणें म्हणजे कपाटांत आपल्या हातानें पाणी ठेवणें होय.

कित्येकांना घर सोडावें लागत नाहीं. घरांतच दुरुस्ती चाललेली असते आणि सामान या खोलींतून त्या खोलींत फिरत असतें. येथें शत्रु दोन, धूळ आणि ओल. सिमेंटची व फरशी घासण्याची धूळ करकरीत असते. ती कोरड्या फडक्यानें खसाखसा पुसली तर पॉलिशवर ओरखडे उठतात. आधीं मऊ कुंचल्यानें झटकावी आणि मग फडकें फिरवावें. सर्व सामान एका खोलीच्या मधोमध आणून त्या खोलीचें दार बंद ठेवावें आणि फटी कापडानें बुजवाव्यात. कामगारांना चहाचे पेले ठेवावयास एक जुना स्टूल मुद्दाम बाहेर ठेवावा. नाहींतर आपलें जेवणाचें टेबल हेंच त्यांचें टेबल होतें, आणि त्यांत त्यांचा दोष नसतो.

याहून मोठा धोका काम संपल्यावर असतो. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारतात, आणि तें पाणी वाळावयास पुढें कित्येक आठवडे लागतात. वरून रंग लागला कीं भिंत कोरडी दिसते, आणि आपण हौसेनें कपाट तिला नेऊन टेकवितों. अशा वेळीं एक सोपी परीक्षा करावी. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी कडांनीं चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळीं त्याच्या आंतल्या बाजूस दंव दिसलें तर भिंत अजून ओली आहे. कपाटाला आणखी कांहीं दिवस खोलीच्या मध्यभागीं नांदूं द्यावें. चार दिवस वळसा घालून जावें लागेल, इतकेंच.

दुसऱ्याच्या गोदामांत सामान ठेवावयाचें असल्यास तोंडी बोलण्यावर विसंबूं नये, मग तो मनुष्य कितीही परिचयाचा असो. वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी. तींत प्रत्येक वस्तूची आजची स्थिति, म्हणजे कोठें ओरखडा आहे, कोणता पाय हलतो, हें लिहावें आणि दोन्ही प्रतींवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. भाडें किती, पाणी शिरल्यास किंवा वाळवी लागल्यास जबाबदारी कोणाची, आपणांस पाहावयास केव्हां येतां येईल आणि सामान परत नेण्याची सूचना किती दिवस आधीं द्यावी, हें सर्व करारांत असावें. घराचा विमा असेल तर तो या नव्या जागेंतील सामानाला लागू आहे कीं नाहीं, हें विमा कंपनीस लेखी विचारावें. दागिने, दस्तऐवज, प्रमाणपत्रें आणि जुनीं छायाचित्रें गोदामांत कदापि ठेवूं नयेत. गॅसची टाकी, रॉकेल, टर्पेंटाईन, रंगाचे डबे हे तर त्या खोलीच्या आसपासही नसावेत.

आतां राहिला शेवटचा नियम. आईनें तो एका वाक्यांत सांगितला होता, आणि इतके सारे नियम सांगून झाल्यावर मला वाटतें कीं तोच पहिला आहे. सामान ठेवलें म्हणजे आपली सुटका झाली असें आपण मानतों. ‘दृष्टीआड सृष्टि’ म्हणतात तसें तें होतें. परंतु आपल्या दृष्टीआड झालें तरी तेथें ऋतु बदलतच असतात, आणि वाळवी कुलपाला विचारीत नाहीं. म्हणून पहिला मोठा पाऊस पडल्यावर आठवड्याच्या आंत एकदां आणि नंतर दरमहा एकदां तरी जाऊन यावें. दिनदर्शिकेवर तारीख लिहून ठेवावी, म्हणजे विसर पडत नाहीं. गेल्यावर करावयाचें तें थोडेंच. दार उघडतांच वास घ्यावा; कोंदट वास ही पहिली सूचना. मग विजेरी घेऊन भिंतींचे तळ पाहावे, वस्तूंच्या पायांशीं भुकटी पडली आहे का तें पाहावें, एक-दोन खण ओढावे आणि पांघरुणें झटकावीं. बाहेर लख्ख ऊन असेल तर खिडकी तासभर उघडावी. पाऊस चालू असेल तर उघडूं नये, कारण त्या वेळीं बाहेरची हवाच ओली असते. यास अर्धा-पाऊण तास लागतो. मला त्या पांच महिन्यांत तेवढा वेळ पांच वेळां सहज मिळाला असता. वाळवी पहिल्या भेटींत नाहीं तरी दुसऱ्या भेटींत दिसली असती, आणि त्या वह्या आज घरांत असत्या.

सामान परत घरीं आल्यावरही थोडा धीर धरावा. पावसाळ्यांत खण अडला म्हणून लगेच सुताराला बोलावून त्याला रंधा मारूं नये. दिवाळी होऊन हवा कोरडी झाली कीं तो बहुधा आपोआप मोकळा होतो. आणि तासलेला खण उन्हाळ्यांत इतका सैल होतो कीं त्यांतून उजेड दिसतो. लाकडाला आपल्या घरच्या हवेशीं जुळवून घेण्यास एक ऋतु तरी द्यावा.

त्या मेजाचें पुढें काय झालें, हें कोणी विचारील. वरची फळी आणि पाय वांचले. दसऱ्याच्या दिवशीं त्या खण नसलेल्या मेजाचीच पूजा आईनें केली. पुढें एका वृद्ध सुतारानें त्याला सागाचे नवे खण करून दिले. नव्या घरांत तें खिडकीपासून दूर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलेलें आहे आणि हें भाषण मीं त्यावरच लिहिलें. नव्या खणांत पुराच्या चिखलाची रेघ नाहीं. माझी नात कधीं तो खण ओढून बघते, तेव्हां तिला दाखवावयास माझ्याजवळ कांहीं नसतें. मी फक्त तिच्या पणजोबांची हकीकत सांगतों, आणि तिच्यापाठोपाठ माझीही सांगतों.

आपणांपैकीं कोणाचें सामान या घटकेस कोठें कुलूपबंद असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. किल्ली खुंटीवरून काढावी आणि येत्या रविवारीं एकदां जाऊन यावें.